प्रश्न फक्त आईलाच का?

१ ते ७ ऑगस्ट हा आठवडा जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळतात. त्या निमित्ताने यंदा आपल्याकडे पोस्टरं लावली होती. बहुतेक नेहमीचीच होती: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पहिल्या तासातलं पिवळसर चिकाचं दूध टाकू नका, वगैरे. एका पोस्टरपाशी मात्र गर्दी होती. त्यात एका हातात ग्लास आणि दुसऱ्या हातात बाळ घेतलेली एक बाई काढली होती, नखं लाल आणि केस मोकळे. खाली मोठ्या अक्षरांत विचारलं होतं, ‘ही आई की वैरीण?’

चित्र चांगलं काढलं होतं, बक्षीसही मिळालं. काढणारी माझी मैत्रीणच आहे, आणि हा लेख मी तिला सांगूनच लिहितेय. ते पोस्टर बघून घरी गेले तेव्हा जे दिसलं, त्याने माझ्या डोक्यात जरा गोंधळ झाला.

माझी वहिनी जूनमध्ये बाळंत झाली. आमचं घर लष्करातलं, जुनं. बाळंतिणीचं सगळं रीतसर चाललं होतं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, शेकशेगडी. शेजारच्या हिंदीभाषक काकूंनी ‘जच्चा के लिए’ म्हणून सोंठेचे लाडूही पाठवले होते. आणि रोज दोन्ही वेळा जेवण झालं की आजी चार चमचे दशमूलारिष्ट तेवढ्याच पाण्यात घालून वहिनीच्या हातात द्यायची. त्या दिवशी मी सहज बाटली उचलून मागचं लेबल वाचलं. त्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं की या औषधात स्वयंनिर्मित मद्यार्क आहे, आणि पुढे टक्केवारी.

मी आजीला म्हटलं, “आजी, यात दारू आहे की!”

आजी म्हणाली, “काहीतरीच काय! औषध आहे ते. दारू वेगळी.”

आता यात खरं कोण? दोघीही थोड्या थोड्या. अरिष्ट आणि आसव म्हणजे आंबवलेली औषधं. काढ्यात गूळ किंवा मध आणि धायटीची फुलं घालून ते मुरवत ठेवतात. त्यात आपोआप मद्यार्क तयार होतो आणि त्यामुळेच औषध टिकतं. साधारण ५ ते १० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बिअरमध्ये असतो तेवढाच. पण बिअर कुणी चार चमचे पीत नाही. फरक आहे तो मापाचा, आणि या विषयात माप हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. आपण नेमकं तेच विचारत नाही. आपण विचारतो, ‘बाई कशी आहे?’

म्हणून आधी माप बघू.

हिशेब

वीस मिली अरिष्टात ८ टक्के मद्यार्क धरला, तर शुद्ध मद्यार्क होतो साधारण सव्वा ग्रॅम. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्याचा साठ मिलीचा एक पेग म्हणजे वीस ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे जवळजवळ ४१ ग्रॅम, पेगच्या दुप्पट. ‘बिअर म्हणजे काय, जवाचं पाणी’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आजीचं अरिष्ट पेगच्या सोळाव्या हिश्शाएवढं आहे. तेव्हा आजीला वैरीण ठरवायचं काही कारण नाही. मात्र ‘औषधच आहे’ म्हणून दुप्पट घेण्याचंही कारण नाही. किती आणि किती दिवस घ्यायचं ते वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारावं, आणि अंगावर पाजत असल्याचं त्यांना सांगावं.

आता दुधात किती उतरतं? मद्यार्क रक्तातून दुधात सहज जातो. रक्तात जेवढं प्रमाण, जवळजवळ तेवढंच दुधात. प्यायल्यानंतर अर्ध्या ते एका तासात ते सगळ्यात जास्त असतं. पोटात अन्न असेल तर थोडं उशिरा. मग रक्तातलं जसं उतरतं, तसं दुधातलंही उतरतं. दूध ही टाकीत साठून राहिलेली गोष्ट नाही, मद्यार्क तिथून रक्तात परतही जातो. म्हणूनच दूध पिळून फेकून दिल्याने ते लवकर ‘साफ’ होत नाही. छाती दाटून दुखत असेल तर आराम पडावा म्हणून पिळावं, पण त्याने घड्याळ पुढे सरकत नाही. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ, यांनीही नाही.

पन्नास किलोच्या बाईने एक पेग घेतला, तर तिच्या शंभर मिली दुधात अगदी वरच्या वेळीही मद्यार्क दशांश ग्रॅमपेक्षा कमी असतो. हा आकडा वाचून मी चक्रावले. मला वाटलं होतं, बाळाला जणू ग्लासच पाजला जातो. तसं नाही.

पण म्हणून ‘चलता है’ असंही नाही. नवजात बाळाचं यकृत कच्चं असतं, मोठ्या माणसाच्या निम्म्या वेगानेही ते मद्यार्क पचवू शकत नाही. पहिल्या तीन महिन्यांत तर फारच जपायला हवं. दुसरं म्हणजे, दूध उतरायला जे ऑक्सिटोसिन लागतं, त्याला दारू अडवते. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या ज्युली मेनेला यांनी १९९१ साली दाखवलं, की आईने मद्यार्क घेतल्यावर दुधाचा वास बदलतो आणि बाळं एरवीपेक्षा कमी दूध पितात. म्हणजे ‘बिअरने दूध वाढतं’ ही जी समजूत आयर्लंडपासून अमेरिकेपर्यंत पसरली होती, ती उलटीच निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एका मोठ्या बिअर कंपनीने ‘माल्ट न्यूट्रीन’ नावाचं पेय खास बाळंतिणींसाठी विकायला काढलं होतं. आयर्लंडमध्ये बाळंतिणीला गिनेस द्यायचे. तिथेही ते औषधच होतं! आणि जो ग्राइप वॉटर आपल्या आज्यांनी बिनधास्त पाजला, त्याच्या १८५१ सालच्या मूळ इंग्लिश कृतीत सुमारे ३.६ टक्के मद्यार्क होता. आता तो काढलेला आहे. पण तेव्हा तो आईच्या दुधातून जात नव्हता, चमच्याने थेट बाळाच्या तोंडात जात होता. त्यावर ‘वैरीण’ असं पोस्टर कुणी काढलं नाही.

गरोदरपणाची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी, ती इथे मिसळायची नाही. तेव्हा आईच्या रक्तातला मद्यार्क नाळेतून थेट गर्भात जातो आणि मेंदूची घडण बिघडवू शकतो. तिथे सुरक्षित असं कोणतंच माप नाही. शून्य म्हणजे शून्य.

गिरणीतली आई

आईला दोष देऊन मोकळं व्हायची आपली सवय जुनी आहे. देशभरच्या अफूच्या शेतीवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालय आपल्या मुरारला आहे, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. याच अफूची एक गोष्ट मुंबईची आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका कामावर जाताना तान्ह्या बाळाला अफूची गोळी द्यायच्या, म्हणजे ते दिवसभर झोपून राही. ‘बाळागोळी’ म्हणायचे तिला. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी १९२२ साली गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा त्यांना दिसलं की या बायकांच्या जवळजवळ सगळ्याच बाळांना अफू दिली जाते.

वाचताना अंगावर काटा येतो. त्या बायांना ‘अडाणी’ म्हणणं सोपं होतं, आणि म्हटलंही गेलं. पण प्रश्न असा होता, की दहा तास साच्यावर उभ्या राहणाऱ्या बाईने बाळ ठेवायचं कुठे? घरी बघायला कुणी नाही, रजा घेतली तर पगार नाही. याचं उत्तर आईला उपदेश करण्यात नव्हतं. उत्तर होतं बाळंतपणाच्या भरपगारी रजेत आणि पाळणाघरात. मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ साली बाळंतपणाच्या लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. १९२९ साली कायदा झाला. बाळाच्या तोंडातली गोळी काढायची तर आईच्या आजूबाजूचं काय बदलायला हवं, हा प्रश्न कुणीतरी विचारला, म्हणून ते झालं.

तोच प्रश्न मला आज विचारायचा आहे.

रजई

पोस्टरवरच्या बाईकडे परत येऊ. ती किती आहे आपल्याकडे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी दारू पिणाऱ्या निघाल्या १ टक्क्याहून जराशा जास्त. पुरुष निघाले १९ टक्क्यांच्या जवळ. म्हणजे शंभरात एक बाई आणि एकोणीस पुरुष. त्यातही लेकुरवाळ्या बायका किती असतील? आपलं पोस्टर त्या एकीवर होतं. एकोणिसांवर एकही नव्हतं.

कुणी म्हणेल, “अगं, पण बाबा काय दूध पाजतो का?” नाही पाजत. पण वर हिशेब बघितला ना? दुधातून जाणारी दारू फार थोडी असते. तान्ह्या बाळाला दारूचा सगळ्यात मोठा धोका दुधात नसतो, तो बाळाशेजारी झोपलेल्या माणसात असतो.

ग्वाल्हेरची थंडी आपल्याला माहीत आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर येतो. दारं-खिडक्या घट्ट लावून, एका पलंगावर, एका जाड कापसाच्या रजईत आई, बाबा आणि मध्ये तान्हं बाळ, असं झोपायची पद्धत घरोघरी आहे. जागं माणूस झोपेतही बाळाला ओळखतं. बाळ कुठे आहे, हात कुठे पडतोय, हे त्याला अर्धवट का होईना कळत असतं. प्यायलेल्या माणसाला ते कळत नाही. त्याची झोप जड असते. अंगावर रजई ओढताना ती बाळाच्या तोंडावर गेली, कूस बदलताना बाळ खाली आलं, तर बाळ ओरडूही शकत नाही. म्हणूनच बालरोगतज्ज्ञ ठासून सांगतात: जो प्यायला आहे त्याने त्या रात्री बाळाच्या अंथरुणात झोपायचं नाही. यात आई आणि बाबा असा भेद नाही. काका आणि आजोबा असाही नाही.

हा नियम मी आमच्या घरी बोलून दाखवला, तेव्हा सगळे गप्प झाले. वहिनीला अरिष्ट किती, चहा किती, तिने वांगं खावं का, तिने गार पाण्यात हात घालावा का, यावर आमच्या घरात रोज चर्चा होते. काकूही बोलतात, मामीही बोलतात, कामवाली मावशीही बोलते. दादा मात्र लग्नाच्या वरातीतून किंवा ऑफिसच्या पार्टीतून रात्री बाराला येऊन ‘बाळाला बघू दे’ म्हणून त्याला उचलतो, तेव्हा त्याला कुणी काही विचारत नाही. दादा वाईट नाही. बाळावर जीव आहे त्याचा. त्याला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. दवाखान्यात सगळ्या सूचना वहिनीला दिल्या गेल्या होत्या. दादा तेव्हा बाहेर औषधांच्या रांगेत उभा होता.

सांगितल्यावर काय झालं, तेही लिहायला हवं. आधी तो चिडला. “मी काय बेवडा आहे का?” म्हणाला. मग दोन दिवसांनी त्याने स्वतःच बाहेरच्या खोलीत खाट टाकली. ‘जिस दिन पी, उस दिन यहाँ’ असं त्यानेच ठरवलं. आमच्या घरात वाद झाला की आपोआप हिंदीत शिरतो, त्यातलंच हे. त्या खाटेवर तो फार वेळा झोपलेला नाही. पिणंच कमी झालं असावं, पण ते मी विचारलेलं नाही.

सरकारने १ एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेशातल्या काही धार्मिक नगरांत दारूची दुकानं बंद केली, त्यात आपला शेजारचा दतियाही आहे. त्यावर बरीच चर्चा झाली. ग्वाल्हेरातही बंदी हवी की नको, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण बंदी दुकानाच्या दारापर्यंत येते. रजईत कोण झोपणार, हे घरातल्यांनाच ठरवावं लागतं.

मग सांगायचं काय?

माझं मत असं नाही की बाळंतिणीने खुशाल प्यावं. अंगावर पाजणाऱ्या आईने दारू न घेणं हेच सगळ्यात सुरक्षित. मी एवढंच म्हणते, की तिला धमकी न देता माहिती द्या. कारण धमकी दिल्याने दोन गोष्टी होतात, आणि दोन्ही बाळाच्या नुकसानाच्या.

एक म्हणजे ती लपवते. घरच्या समारंभात वाइनचा एक ग्लास घेतलेली मुलगी डॉक्टरांनाही सांगत नाही, मग ‘किती वेळ थांबू?’ हे तिने विचारायचं कुणाला? दुसरं म्हणजे ती घाबरून अंगावर पाजणंच सोडते आणि बाळाला डब्याची पावडर सुरू होते. कधीतरी घेतलेल्या एका ग्लासासाठी महिनोन्‌महिन्यांचं आईचं दूध तोडणं, हा तोट्याचाच सौदा आहे.

माहिती फार अवघड नाही. घ्यायचंच झालं तर आधी बाळाला पाजून घ्यावं. अमेरिकेत एक ‘ड्रिंक’ चौदा ग्रॅम मद्यार्काचं धरतात, आणि अशा एका ड्रिंकमागे दोन ते तीन तास थांबायला सांगतात. आपला साठ मिलीचा पेग म्हणजे दीड ड्रिंक, तेव्हा तीन ते साडेचार तास. स्ट्राँग बिअरची अख्खी बाटली म्हणजे जवळजवळ तीन ड्रिंक, म्हणजे सहा ते नऊ तास. तेवढ्यात तान्हं बाळ दोन-तीनदा भुकेलं होणार, तेव्हा ती बाटली बाळंतिणीसाठी नाहीच. आधी काढून फ्रिजमध्ये ठेवलेलं दूध त्या वेळात वाटी-चमच्याने पाजता येतं. मे महिन्यातल्या आपल्या उकाड्यात ते बाहेर ठेवू नये. बाळाला सांभाळायला न प्यायलेलं एक मोठं माणूस घरात हवंच. आणि त्या रात्री बाळाचं अंथरूण वेगळं.

ज्या आईला रोज लागतेच, तिची गोष्ट वेगळी आहे. तिथे घड्याळ पुरणार नाही. तिला आणि बाळाला डॉक्टर हवेत आणि उपचार हवेत, शिव्या नकोत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६, हे दोन्ही सरकारी फोन फुकट आहेत. बाळंतपणानंतरची उदासी हेही पिण्यामागचं एक कारण असू शकतं, आणि ती उदासी आपल्या घरांत अजूनही ‘नखरे’ म्हणून मोजली जाते. हेच नंबर बाबांसाठीही आहेत, हे सांगायला नकोच.

शेवटी, आपल्या कॉलेजात रोज सकाळी प्रार्थना होते, तिथे ऐकलेली एक गोष्ट. बायबलमध्ये शास्ते नावाच्या पुस्तकात शमशोनाच्या जन्माची कथा आहे. देवदूत येतो आणि त्याच्या होणाऱ्या आईला सांगतो, की द्राक्षारस आणि मद्य पिऊ नकोस. इथपर्यंत ते आपल्या पोस्टरसारखंच वाटतं, सगळे नियम तिलाच! पण पुढे तिचा नवरा मानोहा काय करतो, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आलं. तो प्रार्थना करतो, की त्या दूताला पुन्हा पाठव, म्हणजे होणाऱ्या मुलासाठी आम्ही काय करायचं ते तो आम्हाला शिकवील. त्याने ‘तिने काय करायचं’ असं विचारलं नाही. ‘आम्ही’ म्हणाला.

पुढच्या ऑगस्टात पुन्हा पोस्टरं लागतील. माझ्या मैत्रिणीशी माझं ठरलंय, या वेळी दोघी मिळून काढायचं. चित्रात एक पलंग असेल, एक रजई, मध्ये बाळ. आणि दाराशी उभा असलेला बाबा, रात्री उशिरा घरी आलेला. खाली काय लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही. तुम्हाला काही सुचलं तर मंडळाच्या पत्त्यावर कळवा. मुलग्यांनी कळवलं तर जास्त आवडेल.